केसतूड, काळपुळी आणि पेनिसिलिन

पुवाच्या दुखण्यांस मराठी भाषेंत जितकीं नांवें आहेत तितकीं फार थोड्या दुखण्यांस असतील. केसाच्या मुळाशीं उठतें तें केसतूड, नखाच्या कडेला येतें तें नखुरडें, मांडीवर किंवा काखेंत ठाण मांडून बसतें तें गळूं किंवा बेंड, आणि पाठीवर वा मानेवर अनेक तोंडें घेऊन येते ती काळपुळी. शेवटच्या नांवांत काळ हा शब्द उगाच आलेला नाहीं. ज्या लोकांनीं हीं नांवें पाडलीं त्यांस जंतूंचें ज्ञान नव्हतें. परंतु ह्या सर्व दुखण्यांचें कूळ एक असून त्याची शेवटची पायरी जीवघेणी आहे, ही जाणीव त्यांस असली पाहिजे.

आमच्या भंडारा जिल्ह्यांत पावसाळ्यांत ह्या शब्दांचा उपयोग रोज होतो. हा जिल्हा धानाचा. रोवणा सुरू झाला म्हणजे बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोट्याच्या वर चिखलांत वांकून पऱ्हे लावीत असतात. पायांच्या बोटांमधली कातडी पाण्यानें पांढरी पडून फाटते. तिला चिखल्या म्हणतात. बांधावरच्या काट्यानें पोटरी ओरखडते, विळ्यानें बोट कापतें. त्यांतून फोड होतो, फोडाचें गळूं होतें, आणि घरचा उपाय म्हणून हळद-तेल किंवा अळशीचें पोटीस बांधण्यांत येतें. चार दिवसांनीं गळूं फुटून पू वाहून गेला कीं ठणका थांबतो. कोणी ह्याचा दोष आंब्यांच्या उष्णतेला देतो, कोणी रक्त बिघडल्याला. हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मध्यंतरीं साठ-सत्तर वर्षें अशीं गेलीं कीं ह्या क्रमाला कोणी भीत नाहींसें झालें. ती भीति पुन्हां कां उत्पन्न झाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

ह्या दुखण्यांचा विचार आमच्याकडे फार जुना आहे. सुश्रुतानें सुजेच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगून त्या ओळखण्याचीं लक्षणें दिलीं आहेत. आणि कच्चें कापणारा वैद्य व पिकलेलें न कापणारा वैद्य ह्या दोघांसही त्यानें सारखाच दोष दिला आहे. मधुमेही माणसाच्या अंगावर उठणाऱ्या पिडकांचें त्यानें वेगळें वर्णन केलें आहे. व्रण झालेल्या रोग्याची खोली स्वच्छ असावी, तींत धुरी द्यावी, त्याचीं नखें व केस कापलेले असावेत, असेंही तो सांगतो. ह्यावरून आमच्या पूर्वजांस जंतुशास्त्र अवगत होतें असा निष्कर्ष काढणारे विद्वान आहेत. आम्ही त्यांच्यांतले नाहीं. सुश्रुताचा मोठेपणा त्याच्या डोळसपणांत आहे, आणि तेवढा आम्हांस पुरेसा वाटतो. पिकलेल्या गळवास वाट करून देणें हाच पहिला उपचार, हें त्याचें म्हणणें आजच्या शल्यविशारदासही मान्य आहे.

जंतु दिसला तो १८८० च्या सुमारास. स्कॉटलंडांतील अबर्डीन येथील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन ह्यांनीं गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला तेव्हां त्यांस द्राक्षांच्या घोंसासारखे जमलेले बारीक गोल कण दिसले. द्राक्षाच्या घोंसाचा ग्रीक शब्द घेऊन त्यांनीं ह्या जंतूस १८८२ सालीं स्टॅफिलोकोकस हें नांव दिलें. १८८४ सालीं रोझेनबाख ह्या जर्मन पंडितानें त्यांतील सोनेरी रंगाचा प्रकार वेगळा काढून त्याला ‘ऑरियस’ म्हणजे सुवर्णवर्ण असें विशेषण लाविलें. ह्या सुवर्णवर्णी जंतूची एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. हा केवळ रोग्यांच्या अंगावर राहत नाहीं. दर तीन-चार निरोगी माणसांपैकीं एकाच्या नाकांत तो बिनतक्रार बिऱ्हाड करून असतो, आणि कातडीला खिंड पडेपर्यंत वाट पाहतो. म्हणजे हा परका शत्रु नव्हे, घरचाच आहे, आणि जें औषध आपण दुसऱ्याच एखाद्या रोगाकरितां घेतों त्याची ओळख त्यालाही होत असते.

पेनिसिलिनचा शोध कसा लागला ती कथा वाचकांस शाळेपासून ठाऊक असेल. १९२८ सालीं लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांच्या एका तबकडीवर बुरशी पडली व तिच्या भोंवतालचे जंतू विरघळले. ते जंतू स्टॅफिलोकोकसचेच होते, हा तपशील मात्र शाळेच्या पुस्तकांत बहुधा नसतो. पुढें दहा-बारा वर्षें हा शोध जवळजवळ पडून राहिला. नंतर ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन व हीटली ह्या मंडळींनीं बुरशीच्या रसांतून औषध काढलें, आणि १९४१ च्या फेब्रुवारींत आल्बर्ट अलेक्झांडर नांवाच्या एका पोलिसावर त्याचा प्रयोग केला. ह्या पोलिसाचें तोंड व डोकें पुवानें भरून गेलें होतें, एक डोळा काढावा लागला होता. औषध सुरू होतांच तो सुधारूं लागला. ताप उतरला, भूक लागली. परंतु औषध होतें तें चिमूटभर. त्याच्या मूत्रांतून उतरलेलें पेनिसिलिन पुन्हां गाळून त्यालाच टोंचण्यांत आलें, तरी पांच दिवसांत सांठा संपला. जंतू उलटले, आणि १५ मार्च रोजीं तो मरण पावला. औषध अपुरें पडलें म्हणजे काय होतें ह्याचा हा पहिला दाखला. त्या वेळीं दोष टंचाईचा होता.

हें औषध महाराष्ट्राच्या इतिहासांत येतें तें एका दुःखद प्रसंगीं. १९४२ च्या ऑगस्टपासून पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत महात्माजींबरोबर स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा १९४४ च्या फेब्रुवारींत अत्यवस्थ झाल्या. हृदय अगोदरच थकलें होतें, त्यांत फुप्फुसांस सूज आली. धाकटे चिरंजीव देवदास ह्यांची इच्छा पेनिसिलिन देऊन पाहावें अशी होती, आणि तें विमानानें कलकत्त्याहून आणविण्यांत आलें. परंतु दर कांहीं तासांनीं सुई टोंचावी लागेल हें कळल्यावर गांधीजींनीं मुलाची समजूत घातली. औषध तसेंच राहिलें आणि २२ फेब्रुवारीला बांचें देहावसान झालें. तें दिलें असतें तर काय झालें असतें, ह्याची चर्चा पुष्कळांनीं केली आहे. थकलेल्या हृदयापुढें त्या औषधाचें फारसें चाललें नसतें असें आमचें मत आहे. पण येथें सांगावयाचें तें निराळें. त्या वर्षीं हें औषध हिंदुस्थानांत इतकें दुर्मिळ होतें कीं कस्तुरबांसाठीं देखील तें विमानानें आणावें लागलें. आणि त्याच पुण्याजवळ, पिंपरी येथें, १९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्यानें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहून १९५५ पासून तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. अकरा वर्षांत राजवाड्यांतली वस्तु तालुक्याच्या दवाखान्यांत आली. देशाच्या आरोग्याच्या इतिहासांत एवढी मोठी उडी आम्हांस दुसरी क्वचितच दिसते. ह्याच कारखान्यांत १९६१ सालीं बुरशीच्या रोगांवरील हमायसिन हें औषध शोधून काढण्यांत आलें, आणि तें ज्या सूक्ष्म जीवापासून निघतें त्याला पिंपरीवरूनच नांव मिळालें, ह्याचा अभिमान मराठी माणसानें बाळगण्यास हरकत नाहीं. पुढें हा कारखाना डबघाईस आला, तो इतिहास वेगळा.

भंडारा जिल्हा त्या वेळीं मध्यप्रदेशांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. पण औषधाला प्रांताची सीमा नसते. आमच्या लहानपणीं, १९७५ च्या सुमारास, भंडाऱ्यास ताप असो कीं गळूं असो, सुई टोंचली नाहीं तर औषध झालें असें लोक मानीत नसत. जखमेवर सिबाझॉलची गोळी कुटून दाबावयाची आणि कंपाउंडरकडून ‘पेनसुलीन’ घ्यावयाचें, हा शिरस्ता होता. केसतुडानें माणूस मरतो ही गोष्ट आजीच्या सांगण्यांत उरली, आणि ती सांगूं लागली कीं आम्ही मुलें हंसत असूं.

आतां जी गोष्ट सांगावयाची तिचें आश्चर्य हें कीं ती कोणापासून लपलेली नव्हती. ऑक्सफर्डच्या पोलिसाला पहिली सुई टोंचण्यापूर्वीं दोन महिने, म्हणजे १९४० च्या डिसेंबरांत, अब्राहम व चेन ह्यांनीं असें प्रसिद्ध केलें होतें कीं कांहीं जंतू पेनिसिलिनचा नाश करणारें एक द्रव्य स्वतःच तयार करतात. १९४२ सालीं बोस्टन येथें रॅमेलकॅम्प व मॅक्सन ह्यांस उपचार चालू असतांच पेनिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस आढळले. आणि ११ डिसेंबर १९४५ रोजीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत स्वतः फ्लेमिंग ह्यांनीं जगाला इशारा दिला. त्यांनीं एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो. तो बाजारांतून पेनिसिलिन आणून स्वतःच घेतो, पण जंतू मरण्याइतकें घेत नाहीं, त्यांस शिकविण्याइतकेंच घेतो. मग तेच शिकलेले जंतू त्याच्या बायकोच्या फुप्फुसांत जातात, आणि ती औषध असूनही मरते.

ह्या कथेंत एक गंमत आहे. फ्लेमिंगनीं आपल्या गृहस्थाच्या घशांत घातलेला जंतु स्ट्रेप्टोकोकस होता. त्या जंतूपैकीं घसा आणि कातडी बिघडविणारा जो मुख्य प्रकार, तो आज ऐंशी वर्षें लोटलीं तरी पेनिसिलिनला शरणच आहे. बंड केलें तें दुसऱ्यानें, द्राक्षाच्या घोंसानें. ह्या दोन भावांतला फरक पाहावयाचा तर भंडारा जिल्ह्यासारखी जागा नाहीं. आमच्याकडे हत्तीरोग पूर्वापार आहे. त्याच्या निवारणाची राष्ट्रीय योजनाही १९५५ सालींच सुरू झाली, आणि गांवोगांव गोळ्या वांटण्याचें काम सरकार करीत आलें आहे. हत्तीपायाच्या रोग्याला मधूनमधून हुडहुडी भरून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो. कारण बहुतेक वेळां चिखल्यांच्या भेगांतून शिरलेला स्ट्रेप्टोकोकस. त्यावर जुनें पेनिसिलिन अजून चालतें, आणि पाय साबणानें धुऊन बोटांमधली जागा कोरडी ठेवली तर तें लागतही नाहीं. त्याच पायावर, त्याच भेगेंतून स्टॅफिलोकोकस शिरला तर मात्र त्या सुईचा कांहींएक उपयोग बहुधा होत नाहीं. भविष्यवाद्यानें जातकाचें नांव चुकविलें, भविष्य मात्र खरें ठरलें.

आणि तें किती लवकर खरें ठरलें! लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत मेरी बार्बर ह्या विदुषीनें मोजदाद ठेवली होती. रोग्यांपासून मिळालेल्या स्टॅफिलोकोकसपैकीं १९४६ सालीं शेंकडा १४ पेनिसिलिनला न जुमानणारे होते, १९४७ सालीं ३८, आणि १९४८ सालीं ५९. तीन वर्षांत चौपट. बार्बर ह्यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली, ती ह्या आंकड्यांहून महत्त्वाची आहे. प्रत्येक रोग्याच्या अंगावरचा जंतु नव्यानें विद्या शिकत होता असें नव्हतें. शिकलेल्या जंतूंचा एक वंश खाटेवरून खाटेवर, बहुतेक हातांहातांनीं, पसरत होता. औषधानें भोळे जंतू मारून टाकले आणि मोकळी झालेली जागा ह्या वंशानें घेतली. १९५० नंतर अशाच एका वंशानें ऑस्ट्रेलियापासून इंग्लंड-अमेरिकेपर्यंत बाळंतिणींचे वार्ड आणि नवजात अर्भकें ह्यांत धुमाकूळ घातला.

मग १९५९ सालीं मेथिसिलिन हें नवें औषध निघालें. पेनिसिलिन काय करतें तें थोडक्यांत सांगतों. जंतूच्या भोंवतीं एक भिंत असते व ती सारखी डागडुजी मागते. पेनिसिलिन हें त्या भिंतीच्या गवंड्याचा हात धरून ठेवतें. डागडुजी थांबते, भिंत कोसळते. बंडखोर जंतूंनीं पेनिसिलिनचेच तुकडे करणारें हत्यार काढलें होतें. मेथिसिलिनचे तुकडे त्या हत्यारानें होत नसत, म्हणून डॉक्टरांस वाटलें कीं लढाई संपली. १९६१ सालीं इंग्लंडांतील पॅट्रिशिया जेवन्स ह्यांनीं प्रसिद्ध केलें कीं एकाच रुग्णालयांतून आलेले तीन नमुने मेथिसिलिनलाही दाद देत नाहींत. ह्या जंतूंनीं औषध मोडण्याच्या भानगडींत न पडतां गवंडीच बदलला होता. नव्या गवंड्याचा हात औषधाच्या मुठींत येत नव्हता. ह्या जातीचें इंग्रजी नांव लांबलचक असल्यानें सर्वत्र एम्. आर्. एस्. ए. अशीं आद्याक्षरें रूढ झालीं आहेत, आणि पेनिसिलिनच्या सबंध घराण्यांतलीं बहुतेक सर्व औषधें तिच्यापुढें निकामी आहेत.

येथपर्यंतचा इतिहास जुन्या ग्रंथांतून मिळतो. परंतु गेल्या कांहीं वर्षांत जुने जतन केलेले जंतू पुन्हां तपासून त्यांची वंशावळ मांडतां येऊं लागली आहे, आणि तिनें आमच्या समजुतींस चांगलाच धक्का दिला. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अशा एका संशोधनानें दाखविलें कीं मेथिसिलिनला न जुमानणारा तो वंश १९४५ च्या आगेंमागें, म्हणजे मेथिसिलिन निघण्यापूर्वीं सुमारें चौदा वर्षें, उत्पन्न झालेला होता. ज्या औषधाचा शोधच लागला नाहीं त्याच्याशीं झगडण्याची तयारी त्याला कोणीं दिली? उत्तर असें कीं पेनिसिलिननें. आपण पहिलें औषध सढळ हातानें वापरीत होतों तेव्हांच दुसऱ्याची धार आधीं बोथट करून ठेवीत होतों. २०२२ सालीं ह्याहून विलक्षण गोष्ट पुढें आली. युरोपांत हेजहॉग नांवाचा एक लहान, काटेरी, निशाचर प्राणी असतो. त्याच्या कातडीवर वाढणारी एक बुरशी पेनिसिलिनसारखें द्रव्य सोडते, आणि तिच्या शेजारीं नांदतां यावें म्हणून तेथल्या स्टॅफिलोकोकसनें मेथिसिलिनचा प्रतिकार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच कमावलेला होता. म्हणजे जंतु आणि बुरशी ह्यांचें भांडण आपल्या जन्माच्या पूर्वींचें आहे. आपण त्यांतल्या एका पक्षाचें शस्त्र उसनें घेतलें, आणि दुसऱ्या पक्षाजवळ ढाल असेल ही शंका घेतली नाहीं.

हिंदुस्थानांत ह्या जंतूची मोजणी उशिरां सुरू झाली. २००८ व २००९ सालीं देशांतील १५ मोठ्या रुग्णालयांनीं मिळून सव्वीस हजारांवर नमुने तपासले, त्यांत शेंकडा ४१ एम्. आर्. एस्. ए. निघाले. हे आंकडे मोठ्या इस्पितळांतल्या दुखणाइतांचे आहेत. खेड्यांतल्या प्रत्येक गळवाला ते लावूं नयेत. पण घर आणि इस्पितळ ह्यांमधली भिंतही आतां पक्की राहिलेली नाहीं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील संशोधकांनीं २०१० सालीं दाखविलें कीं जुन्या इस्पितळी वंशाची जागा दोन नवे वंश घेत आहेत. त्यांपैकीं एक धडधाकट तरुणांस, इस्पितळाची पायरी न चढतां, घरच्या घरीं गळवें आणतो. पंडितांनीं त्याला बंगालच्या उपसागराचें नांव दिलें आहे. २०१९ सालच्या वंशावळीप्रमाणें तो १९६० नंतरच्या दशकांत ह्याच उपखंडांत जन्मला, आणि येथून प्रवाशांबरोबर दुसऱ्या खंडांत गेला. पिंपरीचें पेनिसिलिन गांवोगांव पोंचलें तेंच हें दशक, ही गोष्ट केवळ योगायोगाची आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

औषध स्वस्त झालें हा दोष नव्हे. १९४४ च्या दुर्मिळतेकडे परत जावें असें म्हणणाऱ्यानें आधीं न्यूमोनियानें घुसमटणारें मूल पाहावें. दोष निराळा आहे, आणि तो समजण्यास आमच्याच जिल्ह्यांतलें उदाहरण पुरें आहे. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या कसबी लोकांनीं व मालगुजारांनीं बांधलेले शेंकडों तलाव येथें आहेत. पाळ कोणीं राखावयाची, पाट केव्हां सोडावयाचा, गाळ कोणीं काढावयाचा, हें सर्व ठरलेलें असे. मालगुजारी पद्धतींत जुलूम होता, आणि १९५१ सालीं ती गेली हें चांगलेंच झालें. परंतु तलाव सरकारजमा झाले आणि राखणारे हात सुटले. निस्ताराचा हक्क सर्वांस ठाऊक होता, पाळीची जबाबदारी कोणाचीच राहिली नाहीं. पुष्कळ तलाव गाळानें आणि बेशरमीच्या झुडुपांनीं भरले. औषधाचा गुण हा तसाच सामाईक सांठा आहे. दोन दिवस गोळ्या खाऊन बरें वाटतांच उरलेल्या फडताळांत ठेवणारा, सर्दीपडशाला तींच औषधें मागणारा, तीं देणारा दुकानदार, कोंबड्यांच्या खाद्यांत तीं मिसळणारा व्यापारी, हे सर्व आपापल्या परीनें पाळीला भोंक पाडीत असतात. भोंक पाडणाऱ्याच्याच शेताचें पाणी आधीं तुटतें असें मात्र नाहीं. १ मार्च २०१४ पासून सरकारनें कांहीं प्रतिजैविकें वेगळ्या यादींत घालून तीं कोणीं लिहून दिलीं व कोणास विकलीं ह्याची वही तीन वर्षें ठेवण्याचें बंधन दुकानदारांवर घातलें; २०१६ सालीं गोळ्यांच्या पाकिटावरील लाल रेघेचा अर्थ लोकांस समजावून देण्याची मोहीम निघाली. वही चांगली, रेघही चांगली. परंतु ज्या गांवाला डॉक्टर आठवड्यांतून एकदां भेटतो तेथें रेघ ओलांडल्यावांचून दुखणाइतानें काय करावें, हा प्रश्न त्या वहींत लिहिलेला नाहीं.

हा प्रश्न किती बिकट आहे हें पवनी तालुक्यांतील आमच्या परिचयाच्या एका शेतकरी कुटुंबावरून आम्हांस कळलें. कांहीं वर्षांपूर्वीं रोवण्याच्या दिवसांत त्यांच्या मुलाच्या मांडीवर गळूं आलें. गांवच्या दवाखान्यांतून दोन दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, गळूं बसलें. पंधरवड्यानें दुसरें आलें, मग बहिणीच्या काखेंत, मग आईच्या पोटरीवर. प्रत्येक वेळीं नव्या गोळ्या, अधिक किंमतीच्या. रक्तशुद्धीचे काढे झाले, आंबे बंद झाले, देवाला नवस झाला. शेजारीपाजारी कुजबुजूं लागले. मुलीला पाहावयास येणारे पाहुणे पुढें आलेच नाहींत. वर्षभर कोणींही पू तपासला नाहीं. शेवटीं मधुमेह असलेल्या आजीच्या पाठीवर काळपुळी उठली आणि त्यांस साठ किलोमीटरांवर नागपुरास न्यावें लागलें. तेथें पू तपासला तेव्हां एम्. आर्. एस्. ए. निघाला.

आजीची पाठ कापून पू व सडका भाग काढण्यांत आला. साखर इन्सुलिननें आटोक्यांत आणली आणि शिरेंतून व्हँकोमायसिन सुरू झालें. ह्या औषधाचा उगम बोर्निओच्या जंगलांतल्या मातींत आहे. एका मिशनऱ्यानें पाठविलेल्या मूठभर मातींतून तें निघालें, आणि १९५८ सालीं वापरांत आलें. तें भरकन देतां येत नाहीं. घाईनें दिलें तर रोग्याचें तोंड-मान लाल होऊन अंगभर खाज सुटते. म्हणून तासाहून अधिक वेळ थेंबथेंब सोडावें लागतें, आणि मूत्रपिंडावर डोळा ठेवावा लागतो. २००२ सालीं अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत ह्यालाही पूर्णपणें न जुमानणारा स्टॅफिलोकोकस आढळला. असे जंतू अजून विरळा आहेत, एवढेंच समाधान. म्हातारी तीन आठवड्यांनीं घरीं आली. पाठीवर ओंजळभर खड्डा आहे, पण ती चालते-फिरते.

घरच्या इतरांस मोठ्या औषधाची गरज पडली नाहीं. तपासणींत जुनीं, स्वस्त दोन-तीन औषधें त्या जंतूवर अजून चालतात असें दिसलें, आणि बहुतेक गळवांस तर डॉक्टरांनीं नुसती वाट करून दिली. खरें काम पुढें होतें. सर्वांनीं एकाच वेळीं पांच दिवस नाकांत मलम लावावयाचें आणि जंतुनाशक औषधानें आंघोळ करावयाची. प्रत्येकाचा पंचा वेगळा. पंचे, चादरी व उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यांत धुऊन कडक उन्हांत वाळवावयाचे. वस्तरा दुसऱ्यास द्यावयाचा नाहीं. नखें कापलेलीं ठेवावयाचीं, गळूं पिळावयाचें नाहीं, पुवाची पट्टी उकिरड्यावर न टाकतां जाळावयाची. तीन खणांच्या घरांत सात माणसांनीं हें पाळावयाचें म्हणजे काय, तें शहरांतल्या वाचकांस सहज कळणार नाहीं. पहिल्या वर्षीं घरांत पुन्हां दोन गळवें आलीं, दुसऱ्या वर्षीं एक. रोवण्याला जातांना आतां मायलेकी पायांना तेल चोळतात, आणि संध्याकाळीं साबणानें पाय धुऊन बोटांमधली जागा फडक्यानें कोरडी करतात. आजीला हें सगळें पसंत आहे. तिच्या मतें हा जुनाच सोंवळ्याचा प्रकार आहे. नागपुरच्या तपासणीचा कागद त्यांनीं शिधापत्रिकेच्या पिशवींत जपून ठेवला आहे, आणि आतां कोणत्याही दवाखान्यांत गेलें कीं प्रथम तोच पुढें करतात.